पगार एकाचा, हुकूम दुसऱ्याचा

चाकरास पगार देणारा एक, त्याजवर हुकूम चालविणारा दुसरा, आणि पगाराचा पैसा व्याजाने पुरविणारा तिसरा, अशी व्यवस्था ज्या पेढीत चालू असेल ती पेढी किती दिवाळ्या वहीपूजन करील, हा प्रश्न औरंगपुऱ्यातील किंवा गुलमंडीवरील कोणत्याही जुन्या दुकानदारास विचारावा. त्यास इतिहास ठाऊक नसला तरी उत्तर ठाऊक असते. हुकूम करणारास खर्चाची झळ लागत नाही, म्हणून तो माणसे वाढवितो. सावकारास व्याज मिळते, म्हणून बाकी फिटू नये असेच त्यास वाटते. आणि ज्याच्या तिजोरीतून हे सर्व जावयाचे, त्यास चाकराला 'तू आज काय काम केलेस?' एवढे विचारण्याचीही सोय राहत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते हेच.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे की, अलीकडे सरकारी व निमसरकारी कचेऱ्यांतून, रुग्णालयांतून व शाळांतून सफाईचे, पहाऱ्याचे आणि लिहिण्याचे काम करणारी माणसे कंत्राटदारामार्फत घेण्याची चाल वाढत चालली आहे. काम कचेरीचे, हुकूम कचेरीतील साहेबांचा, पैसा करदात्यांचा, आणि पगार मात्र तिऱ्हाइताच्या हातून! ही युक्ती नवी आहे व काटकसरीची आहे, असे तिचे कैवारी सांगतात. ती काटकसरीची आहे की नाही हे पुढे पाहू. पण ती नवी मात्र खास नाही. दोनशे वर्षांपूर्वी तिचा प्रयोग आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, मोठ्या प्रमाणावर झाला होता. किंबहुना त्या प्रयोगास या शहराचेच नाव पडले होते. त्याचा शेवट काय झाला, तो जमाखर्च आज वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम देणे उत्पन्न कसे झाले ते पाहिले पाहिजे. १८०० साली इंग्रजांचा व निजामाचा जो तह झाला, त्यात इंग्रजांच्या तैनाती फौजेचा खर्च भागविण्यासाठी निजामाने म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख कायमचा तोडून दिला. म्हणजे ते खाते तेथेच मिटले. याच तहाच्या बाराव्या कलमात असे होते की, युद्ध उपस्थित झाल्यास निजामाने आपल्या फौजेपैकी ६,००० पायदळ व ९,००० स्वार मदतीस द्यावेत. 'युद्ध उपस्थित झाल्यास' ही अट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व तंटा तिच्यावरच आहे. १८०३ साली शेजारच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांची लढाई झाली. त्या मोहिमेत निजामाच्या फौजेचा उपयोग झाला नाही, अशी इंग्रजांची तक्रार होती. तक्रार खरीही असेल. पण तिच्यावर उपाय काढला तो असा की, निजामाच्या पैशाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, नवी कवायती फौज उभारावी. आणि ती युद्धकाळापुरती नव्हे, तर बारमहा!

१८११ पासून १८२० पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलसाहेबांनी ही योजना मनावर घेतली आणि पहिल्या पलटणींस त्यांचेच नाव मिळाले. दरबारात त्या वेळी नावाचे दिवाण मुनीर-उल्-मुल्क होते. खरा कारभार पेशकार राजा चंदूलाल यांच्या हाती होता, व चंदूलालांचा आधार रेसिडेन्सी होती. तेव्हा 'नाही' म्हणणार कोण? कंपनीच्या लष्करातून इकडे आलेल्या अधिकाऱ्यास मूळ जागेपेक्षा अधिक पगार मिळे, म्हणून येथील जागांसाठी चढाओढ लागे. नेमणूक रेसिडेंटसाहेबांनी करावी, बढती त्यांनीच द्यावी, आणि पगार निजामाने भरावा. १८१७ साली महिदपूर येथे होळकरांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली तेव्हा ही फौज तेथे लढली. होळकर निजामाच्या दारी आलेला नव्हता. पण खर्च निजामाच्या खाती पडला. या फौजेतील साहेब लोकांतच पुढे थट्टेने म्हणत असत की, बिचारा 'निझी' सर्वांचे भरतो! थट्टेत कधी कधी ताळेबंदापेक्षा अधिक सत्य असते.

आता तिसऱ्या माणसाचा प्रवेश होतो. चंदूलालांच्या हाती रोकड नव्हती. वसूल मक्तेदारांकडून यावयाचा, तो हंगामावर अवलंबून. आणि कवायती फौजेचा पगार तर दर महिन्यास पाहिजे. या अडचणीत विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची पेढी पुढे आली. पामर हे एका इंग्रज सेनापतीचे व हिंदी मातेचे पुत्र, पूर्वी निजामाच्याच लष्करी नोकरीत असलेले. पेढीत बंकटीदास नावाचे गुजराती सावकार भागीदार होते, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्स यांच्या पाल्य मुलीचे पती सर विल्यम रम्बोल्ड हेही होते. हिंदी संस्थानिकांस युरोपियनांनी परस्पर कर्जे देऊ नयेत असा पार्लमेंटाचा १७९७ चा कायदा होता. परंतु त्यातच सरकारी परवानगीची फट ठेवलेली होती, आणि १८१६ साली ती परवानगी पामरच्या पेढीस मिळाली. मग ठरले असे की, औरंगाबादकडील फौजेच्या पगारासाठी पेढीने महिना सुमारे २ लक्ष रुपये द्यावेत, आणि त्याबद्दल सुमारे ३० लक्षांच्या वार्षिक वसुलाच्या तनखा, म्हणजे परस्पर वसुलीच्या चिठ्ठ्या, पेढीच्या हाती असाव्यात. हीच ती औरंगाबादची पगारव्यवस्था.

आमचे व्यापारी वाचक एव्हाना बोटांवर हिशोब करू लागले असतील. महिना २ लक्ष म्हणजे वर्षाचे २४ लक्ष. तारण ३० लक्षांचे. वर व्याज निराळे, आणि ते या पेढीचे शेकडा २४ च्या आसपास चाले. शेकडा २४ दराने सरळ व्याजही मुद्दलाइतके होण्यास सव्वाचार वर्षे पुरतात. आता ही गोष्ट लक्षात घ्यावी की, सावकार फौजेचा पगार वेळेवर देत होता, म्हणून शिपाई खूश. फौज जागच्या जागी होती, म्हणून रेसिडेंट खूश. आजचा तगादा उद्यावर गेला, म्हणून चंदूलालही खूश. नाखूश असा एकच मनुष्य होता, आणि तो या बैठकीत नव्हता. तो पैठण, अंबड, परभणी, बीड या भागांतील कुणबी होता. ज्या गावावर तनखा झाली तेथे वसुलास जाणारा मनुष्य दरबाराचा असो की पेढीचा, त्यास पीक कसे आले याच्याशी कर्तव्य नव्हते. रक्कम कधी मिळते याच्याशी होते.

१८२० साली ६० लक्षांचे नवे कर्ज मंजूर करून घेण्यात आले. जुनी देणी वारणे, शेतकऱ्यांस तगाई देणे, फौजेत काटछाट करणे, असे त्याचे हेतू सांगण्यात आले होते. त्याच वर्षी सर चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आले. हा गृहस्थ करड्या हिशोबाचा. त्यांनी वह्या पाहावयास मागितल्या, तेव्हा निघाले असे की, ६० लक्षांपैकी ८ लक्ष रुपये दरबारास पोचलेच नव्हते. ते भागीदारांचा मोबदला म्हणून आधीच वजा झाले होते. मेटकाफ यांनी सुचविले की, कंपनी सरकारने जामीन राहून शेकडा ६ दराने पैसा उभारावा आणि पामरचे देणे एकदम वारावे. या सरळ सूचनेवर लॉर्ड हेस्टिंग्स यांची मर्जी खप्पा झाली. हेस्टिंग्स १८२३ च्या आरंभी स्वदेशी गेले, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला.

पण तो मार्गही पाहण्यासारखा आहे. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामास दर वर्षी ७ लक्ष रुपये पेशकश देत असे. कंपनीने निजामास एकरकमी १,१६,६६,६६६ रुपये दिले आणि ही पेशकश कायमची बंद करून घेतली. त्या पैशातून पामरचे देणे भागले. ही विचित्र दिसणारी रक्कम कोठून आली, हे पाहावयाचे तर ७ लक्षांस शेकडा ६ ने भागावे. नेमकी हीच संख्या येते. सारांश, निजामाचे येणे होते तेव्हा त्याची किंमत शेकडा ६ ने ठरली, आणि त्याचे देणे होते तेव्हा व्याज शेकडा २४ ने चालले. एकाच माणसाचे येणे एका वजनाने व देणे दुसऱ्या वजनाने तोलणाऱ्या दुकानदारास मोंढ्यात कोणी उभे करणार नाही. परंतु राज्यकारभारात हे चालून गेले. पामरची पेढी १८२४ साली बुडाली. पेढी बुडाली, सात लक्षांचे अक्षय उत्पन्न गेले, पण ज्या फौजेसाठी हे सर्व झाले ती फौज मात्र राहिली.

ती पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' या नावाने ओळखली जाऊ लागली. चंदूलाल १८४३ साली कारभारातून निवृत्त झाले तेव्हा खजिना रिकामाच होता. पगार तुंबू लागले, तेव्हा रेसिडेन्सीच्या खजिन्यातून उसने देण्यात येऊ लागले आणि त्यावर व्याज चढू लागले. पूर्वी सावकार व मालक असे दोन निराळे होते. आता सावकार, मालक आणि तंट्याचा न्याय करणारा पंच, हे तिन्ही एकच झाले. लॉर्ड डलहौसी यांनी निर्वाणीचा तगादा लावला. वास्तविक, शांततेच्या काळी ही फौज बाळगण्यास १८०० चा तह निजामास बांधीत नाही, हे खुद्द डलहौसी यांनीच आपल्या लेखात कबूल केले होते. परंतु कबुली निराळी आणि वसुली निराळी! १८५३ च्या मे महिन्यात निजाम नासिरुद्दौला यांनी रेसिडेंट कर्नल लो यांच्यापुढे नव्या तहावर शिक्का केला. कंटिन्जंट ५,००० पायदळ, २,००० स्वार व चार तोफखाने यांहून कमी नसावी, आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या व्यवस्थेखाली द्यावेत, असे ठरले. तह होऊन काही दिवस लोटतात न लोटतात तोच दिवाण सिराज-उल्-मुल्क वारले, व त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे सालारजंग कारभारावर आले.

या वेळी कर्जाचा आकडा सुमारे ४३ लक्ष धरला होता. सालारजंगांनी पुढे जुने कागद काढून एक उलट हिशोब मांडला. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतील आबकारीचे उत्पन्न हक्काने निजामाचे. ते वर्षास सुमारे १ लक्ष. आणि १८१२ पासून १८५३ पर्यंत ते इंग्रजांनीच घेतले. एकेचाळीस वर्षांचे ४१ लक्ष होतात. ४३ तून ४१ वजा जाता बाकी राहतात २! जालन्याच्या कलालीचा पैसा जमेस धरला असता तर ज्या कर्जापायी वऱ्हाड गेले ते कर्ज जवळजवळ उरतच नव्हते. हा दावा शेवटच्या पैपर्यंत खरा होता असे आम्ही म्हणत नाही. दोन पक्षांच्या तंट्यात एका पक्षाचे कागद वाचून निकाल देणे आम्हांस शोभणारे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, तो तपासला जावयास पाहिजे होता. आणि तपासावयाचा कोणी, तर ज्याच्यावर तो दावा होता त्यानेच, ही त्यातील खरी मेख होती.

१८५७ चे वादळ आले. कंटिन्जंटचा पहिला रिसाला त्या वेळी येथील छावणीत होता. दिल्लीच्या बादशहावर चालून जावे लागणार या समजुतीने जूनमध्ये स्वारांत खळबळ उडाली व त्यांनी हुकूम मानण्याचे नाकारले. जनरल वुडबर्न फौज घेऊन आले. कित्येकांस गोळ्या घातल्या, कित्येकांस तोफेच्या तोंडी दिले. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्यांच्या आठवणीचे स्थळ म्हणून आजही दाखविला जातो. या स्वारांच्या मनात अनेक गोष्टी असतील; पण एक गोष्ट सहज समजण्याजोगी आहे. ज्यांचा पगार निजामाच्या मुलुखातून, परंतु हुकूम कलकत्त्याचा, त्या शिपायांनी 'आम्ही कोणाचे मीठ खातो?' असा प्रश्न केला तर त्यात नवल कसले? व्यवस्थेनेच तो प्रश्न निर्माण केला होता, आणि उत्तर मात्र तोफेने दिले.

बंडात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूस राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने सुमारे ५० लक्षांचे कर्ज सोडण्यात आले आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले. आणि या तहात एक कलम असे होते की, त्याच्याइतके बोलके कलम आमच्या वाचनात दुसरे नाही. दिलेल्या मुलुखाच्या जमाखर्चाचा हिशोब, मागचा, चालू किंवा पुढचा, निजामाने मागू नये! खर्च वजा जाता शिल्लक राहील ती निजामास द्यावयाची होती. पण शिल्लक किती राहिली हे ठरविणार खर्च करणाराच. वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला, आगगाडी आली, उत्पन्न वाढले, आणि त्याबरोबर कारभाराचा खर्चही वाढत गेला. हिशोब मागण्याचा हक्क ज्याने सोडला त्यास शिल्लक मागण्याचा हक्क नावापुरताच उरतो.

सालारजंगांनी वऱ्हाड परत मागण्यात आपले आयुष्य वेचले. फौजेच्या पगाराच्या हमीसाठी रोख भांडवल ठेवण्याचीही तयारी त्यांनी दाखविली. १८७६ साली विलायतेसही जाऊन आले. उपयोग झाला नाही, आणि १८८३ साली ते वारले. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांजकडून वऱ्हाड वर्षास २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. त्यानंतर थोड्याच काळात कंटिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली. म्हणजे ज्या चाकराच्या पगारासाठी शेत गहाण पडले होते तो चाकर घरातून गेला, पण शेत सुटले नाही! पुढे निजाम उस्मान अली खान यांनी पुन्हा हा प्रश्न काढला, तेव्हा सार्वभौम सत्तेशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा अधिकार कोणाही संस्थानिकास नाही, असे उत्तर १९२६ साली लॉर्ड रीडिंग यांनी दिले. हिशोबाच्या प्रश्नास अधिकाराचे उत्तर मिळाले, की समजावे वहीत काही तरी आहे.

या तंट्याचा फटका मराठी माणसास कसा बसला, हे हैदराबाद-कलकत्त्याच्या कागदांत सापडत नाही; ते नकाशावर सापडते. जालन्याहून सिंदखेडराजास जाणारा मनुष्य, भाषा तीच, भाकरी तीच, सोयरीकही तीच असताना, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. वऱ्हाड व मराठवाडा १८५३ साली वेगळे झाले, ते १९४८ साली निजामी संपून, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत एका राज्याखाली आले. शंभरांवर तीन वर्षे! त्या अवधीत दोहोंच्या शाळा, न्यायालये, रस्ते व जमीनमहसूल यांच्या रीती निराळ्या झाल्या. मराठवाड्याच्या मागासलेपणाची सर्व कारणे या एका वहीत आहेत असे आम्ही म्हणणार नाही; पण ती वही न उघडता त्या कारणांची चर्चा करणे अपुरे आहे.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, या फौजेने मुलुखात बंदोबस्त राखला व लुटारूंचा उपद्रव मोडला. हे काही अंशी खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. परंतु पहारेकरी चांगला होता एवढ्यावरून त्याच्या पगाराचा हिशोब दाखवू नये असे ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की, निजामाचा दरबार स्वतःच उधळा, मक्तेदारांवर चालणारा व रयतेविषयी बेपर्वा होता; त्यास लुबाडले तर रडावे कोणी? आम्ही दरबाराची वकिली करीत नाही. चंदूलालांनी आजची अब्रू राखण्यासाठी उद्याचा वसूल विकला, हा दोष त्यांचाच आहे, आणि पामरच्या पेढीत गोऱ्यांच्या मांडीस मांडी लावून आपलेही सावकार बसले होते. व्याजास जात नाही आणि रंगही नाही. पण मुळात लुबाडले गेले ते दरबारास नव्हे. दरबार जेवीत होता, रेसिडेन्सी जेवीत होती, पेढीही जेवीत होती. पान वाढले होते कुणब्याच्या घरचे.

याच काळात सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही सरकार चेरोकी वगैरे मूळच्या लोकांत आपले एजंट ठेवीत असे. रिटर्न मेग्ज नावाचे गृहस्थ १८०१ पासून १८२३ पर्यंत चेरोकींकडे एजंट होते. दूर रानात राहणाऱ्या अशा एजंटांच्या पगाराचे व खर्चाचे तंटे तेथेही होत. परंतु त्यांचा पगार अमेरिकन सरकारच्या खजिन्यातून निघे आणि त्यांच्या कामाचा जाब तेथील युद्धखाते घेई. नेमणारा व देणारा एकच होता. त्यामुळे चेरोकींचे कल्याण झाले असे मात्र कोणी समजू नये. १८३५ चा तह त्यांच्या माथी मारून १८३८ साली त्यांस देशोधडीस लावण्यात आलेच. तुलना सांगण्याचा हेतू एवढाच की, परक्याच्या दारी आपला मनुष्य बसवून त्याच्या पगाराचे बिलही त्याच परक्याकडून वसूल करण्याची कला दख्खनेतच पूर्णत्वास पोचली.

आता आजकडे वळू. कोणी म्हणेल की, साम्राज्याची लूट कोठे आणि कचेरीतील झाडूवाल्याचे कंत्राट कोठे! आकार निराळा आहे हे खरे. परंतु सांगाडा तोच आहे. बारा वर्षे एकाच कचेरीत काम करणाऱ्या मनुष्यास 'तू आमचा नव्हेस' असे कचेरी सांगते. 'कचेरीचे बिल निघाले नाही' असे कंत्राटदार सांगतो. आणि दोघांच्या मध्ये त्याचा दोन-तीन महिन्यांचा पगार लोंबकळतो. तेवढ्या काळात तो किराणा उधारीवर नेतो. म्हणजे अखेर त्या थकलेल्या पगाराचे भांडवल पुरवितो कोण? कोपऱ्यावरील दुकानदार! आमच्या व्यापारी बंधूंनी हा विचार अवश्य करावा. मधल्या माणसाचा नफा, उशिराचे व्याज आणि कामगाराच्या हाती कमी पडणारी रक्कम ही सर्व जमेस धरून मग 'काटकसर' हा शब्द उच्चारावा.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगारांविषयीच्या कायद्याने असे ठरविले होते की, कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते मूळ मालकाने द्यावे व कंत्राटदाराकडून वसूल करावे. २०२० च्या श्रमसंहितेतही हे तत्त्व कायम राहिले आहे. परंतु मूळ मालक जेथे सरकारच आहे, तेथे या तत्त्वाचा आग्रह धरणारा कोण? म्हणून आमच्या सूचना थोड्या व सरळ आहेत. जे काम बारमहा आहे त्यास बारमहा मनुष्य नेमावा आणि त्याचा पगार नेमणाऱ्या संस्थेनेच थेट द्यावा. जेथे कंत्राट टळतच नसेल तेथे संस्थेने किती रक्कम दिली व कामगाराच्या हाती किती पडली, हे दोन आकडे दर महिन्यास कचेरीच्या दारावर मराठीत लावावेत. पगाराची तारीख बिलावर अवलंबून असू नये. आणि पगाराविषयी तंटा पडल्यास तो ऐकणारा मनुष्य त्या खर्चाचा हुकूम देणारा नसावा. यात क्रांतिकारक असे काही नाही. कोणत्याही नेटक्या पेढीत याहून निराळे काही चालत नाही.

शेवटी एक गोष्ट नागरिकांस सांगावयाची आहे. १८६० साली एका राजाने हिशोब मागण्याचा हक्क लिहून दिला आणि त्यामागोमाग एक प्रांत कायमचा गमावला. त्या राजाच्या रयतेस तर तसा हक्क कधी नव्हताच. आज तो आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने, आपल्या गावच्या कोणत्याही सार्वजनिक संस्थेने पगारापोटी कोणास किती दिले, हे विचारण्याची सोय दहा रुपयांच्या अर्जात झाली आहे. निजामाजवळ तोफा होत्या, हत्ती होते, जवाहिरखाना होता; पण हा दहा रुपयांचा अर्ज नव्हता. तो ज्यांच्या हाती आहे त्यांनी तो न वापरता घरी ठेवला, तर पुढच्या पिढीने आपणांस चंदूलालांच्या पंगतीस बसविले असता तक्रार करण्यास जागा राहणार नाही.